ओतलेलं साल

नाच्चिमुत्तूने डिझेलमध्ये बुडवलेलं फडकं पिळलं आणि पुन्हा इंजिनाच्या कुशीत हात घातला. स्टार्टर खोलून बाजूला ठेवला होता. त्याच्या मागच्या लोखंडावर तेल, धूळ आणि कोंबडीखाद्याची पूड यांचा थर बसून पार दगड झाला होता. तारेच्या ब्रशने तो खरवडत सुटला.

"लोखंडानं काय घोडं मारलंय तुझं?" वैयापुरी म्हणाला. गॅरेज त्याचं होतं. पण कंबर धरल्यापासून तो स्टुलावर बसून हुकूम सोडी आणि लॉरीवाल्यांकडूनच कामं करून घेई. "हळू घास. अक्षरं असतील तर तीही जातील."

"ठोकलेली अक्षरं जाऊ देत, अण्णा. तीच तर खोटी आहेत."

"ठोकलेली नाही शोधत मी. घास तू."

नाच्चिमुत्तूला पुरावा हवा होता, लॉरीमालक संघाच्या बैठकीत चारचौघांसमोर ठेवता येईल असा. ही लॉरी त्याने उन्हाळ्यात पावायीकडून घेतली होती. तिचा नवरा कंदप्पन वारला, लॉरी दारात उभी राहून गंजू लागली, तेव्हा तिने विकायला काढली. गाडी दोन हजार चारची, पण इंजिन नंतर, अकरा साली, नवं घातलंय असं ती म्हणाली, आणि नाच्चिमुत्तूने तिच्या शब्दावर गाडी घेतली. सुरुवातीचे महिने बरे गेले. मग तोप्पूरच्या घाटात लॉरी धापा टाकू लागली. काळा धूर, आणि चढावर दम नाही. वाटेतल्या एका मेकॅनिकने इंजिनावरचा नंबर बॅटरीच्या उजेडात पाहिला आणि तो हसला. आकडे वाकडेतिकडे, हाताने ठोकलेले. आणि नंबरातलं साल चारचंच.

"कुणीतरी जुनं भांडं रंगवून तुझ्या गळ्यात मारलंय," तो म्हणाला होता.

खरवडता खरवडता बोटाला काहीतरी लागलं. नाच्चिमुत्तूने फडकं फिरवलं. रुपयाएवढं गोल होतं. कडेने बारा ठिपके, मधे एक बाण, आणि बाणाच्या दोन्ही अंगांना एकेक आकडा. हे ठोकलेलं नव्हतं. अंगावर मस उगवावा तसं लोखंडातूनच वर आलं होतं.

"सापडलं?" वैयापुरीने मान पुढे काढली. "बाण कुठं दाखवतोय?"

"खाली. सरळ खाली."

"म्हणजे सहावा ठिपका, जून. आणि आकडे?"

नाच्चिमुत्तूने पुन्हा पुसलं. फडक्याने पुसलं, मग अंगठ्याने पुसलं.

"एक," तो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "आणि एक."

"अकरा सालचा जून." वैयापुरी मागे टेकला. "इंजिनाचा ब्लॉक ओततानाच हे साच्यात बसवतात. नंबर माणूस ठोकतो रे, साल भट्टीत ओतलं जातं. ते कुणाच्या बापाला बदलता येत नाही."

"मग नंबर चारचा कसा?"

"नवा ब्लॉक कोरा येतो. गाडीच्या पुस्तकाशी जुळायला हवा म्हणून जुनाच नंबर त्यावर ठोकून घेतात. कंदप्पननंही घेतला. ठोकणाऱ्याचा हात वाकडा होता, एवढंच."

"आणि धूर?"

वैयापुरीने काठीने एअर फिल्टरचा डबा दाखवला. नाच्चिमुत्तूने झाकण काढलं. आत पिवळट पूड ठासून भरली होती. बोट घातलं तर ढेकूळ निघालं.

"मका, सोयाबीन, सुकी मासळी," वैयापुरी म्हणाला. "नामक्कलच्या कोंबड्यांचं आख्खं जेवण तिच्या नाकात कोंबलंस, आणि वर म्हणतोस धाप लागते! शेवटचा कधी साफ केला होतास, मच्चान?"

नाच्चिमुत्तू आठवू लागला. मग आठवण्यासारखं काही नाही हे त्याच्या ध्यानात आलं. वैयापुरी मोठ्याने हसला, आणि हसता हसताच गप्प झाला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, तोही संघाच्या मैदानात होता.

त्या दिवशी मैदानात सगळ्या लॉऱ्या धुऊन, चंदनाची बोटं ओढून, केळीचे खांब बांधून उभ्या होत्या. पावायी झेंडूचा हार घेऊन आली. गावातून चालतच आली असावी, पायांवर धूळ होती.

"तंबी, एकदा घालू का गाडीला?" तिने विचारलं होतं. "दरवर्षी हे घालायचे."

मेकॅनिकचं हसणं नाच्चिमुत्तूच्या कानात ताजं होतं. "घाला की, अक्का!" तो म्हणाला. "नवऱ्यानं जुनं इंजिन नवं म्हणून सांगितलं, तुम्ही ते माझ्या गळ्यात बांधलंत. आता हारही बांधा! मेला तो खोटं बोलून सुटला, भोगतोय मी!"

कर्ण्यावरचं गाणं नेमकं त्याच वेळी संपलं होतं. मैदानाच्या त्या टोकापर्यंत शब्द गेले. कुणीतरी फिदकन हसलं. पावायी वळली. हार मनगटात अडकवला आणि आल्या वाटेने गेली. आता नाच्चिमुत्तूला सगळ्यात जास्त झोंबलं ते हे, की त्या हसण्याने तेव्हा त्याला बळच आलं होतं. तिची पाठ वळल्यावरही तो आणखी दोन वाक्यं बोलला होता.

घरी तो जेवायला बसला तेव्हा सरसूने रस्सम वाढता वाढता त्याच्याकडे पाहिलं.

"काय झालं? पुरावा नाही मिळाला?"

"मिळाला."

त्याने सांगितलं. फिल्टरचं सांगताना आवाज इतका खाली गेला की सरसूला दोनदा विचारावं लागलं. तिने पळी खाली ठेवली. त्या दिवशी मैदानात तिने त्याची बाही ओढली होती, आणि त्याने ती झटकली होती.

"उद्या फोन करतो त्यांना," तो म्हणाला.

"फोन? ती बाई चालत आली होती तुमच्यापर्यंत, फोनवरून नाही."

सकाळी तो मोपेडवरून निघाला. वाटभर वाक्यं जुळवत होता. 'गैरसमज झाला' म्हणावं, की 'त्या मेकॅनिकनं सांगितलं' म्हणावं? प्रत्येक वाक्यात तो स्वतःला थोडं थोडं सोडवून घेत होता. ते लक्षात आलं तशी त्याने वाक्यं जुळवायची सोडून दिली.

पावायी अंगणात म्हशीपुढे कडबा टाकत होती. त्याला पाहून तिने पदराला हात पुसले.

"ये, तंबी. संघाचा निरोप आणलायस?"

"नाही, अक्का."

"बस."

ती पाणी आणायला आत गेली. तो ओसरीवर टेकला आणि समोर पाहिलं. उन्हाळ्यात व्यवहार झाला होता तो याच ओसरीवर, कंदप्पनच्या फोटोखाली. फोटोला तेव्हा चंदनाचा हार होता, खाली मिणमिणता दिवा होता. आता भिंतीवर एक चौकोनी फिकट डाग होता, आणि नुसता खिळा.

पाण्याचा लोटा हातात तसाच धरून त्याने सांगितलं. इंजिन अकरा सालचंच आहे. जूनचं. लोखंडातच ओतलेलं आहे, मी डोळ्यांनी पाहिलं. धूर माझ्या हलगर्जीपणाचा होता.

पावायी खांबाला धरून उभी होती.

"जून?"

"हो."

"त्या वर्षी माझ्या भाचीचं लग्न होतं. गळ्यातली साखळी मी इंजिनासाठी काढून दिली होती. मोकळ्या गळ्यानं गेले लग्नाला. बायका विचारत होत्या, मी म्हटलं, गळ्याला पुरळ उठलाय." ती खिळ्याकडे न पाहता बोलत होती. "तू बोललास त्या दिवसापासून एकच डोक्यात आहे. इंजिन नाही घेतलं, तर मग ते सोनं गेलं कुणाच्या गळ्यात?"

नाच्चिमुत्तूने लोटा खाली ठेवला. हात जोडावे की पाय धरावेत हे त्याला कळेना. दोन्ही राहून गेलं.

"अक्का, फार वाईट बोललो मी."

"मला दाखव," ती म्हणाली.

"काय?"

"ते साल. मला बघायचंय."

मोपेडच्या मागे बसून ती संकगिरीला, वैयापुरीकडे आली. गॅरेजात लॉरी कालच्यासारखीच उघडी पडली होती. वैयापुरीने तिला पाहिलं आणि कंबर विसरून उभा राहिला. पावायीने पदर खोचला आणि चाकाजवळ उकिडवी बसून वाकली. नाच्चिमुत्तूने बॅटरी धरली.  

तिने त्या गोलावर बोट ठेवलं. ठिपक्यांवरून फिरवलं, बाणावरून खाली आणलं, मग एका आकड्यावरून दुसऱ्यावर नेलं. वाचता येत नाही असं ती म्हणे, पण आकडे तिला येत असावेत. ओठ हलले.

एव्हाना शेजारी लॉरीच्या बॉड्या बांधणाऱ्यांपैकी चौघेपाच जण चहाचे ग्लास घेऊन दारात जमले होते. पूजेच्या दिवशी त्यातले बरेच मैदानात होते. नाच्चिमुत्तू त्यांच्याकडे वळला.

"इंजिन अकराचंच निघालं," तो म्हणाला. "माझी चूक होती."

पलीकडे पत्र्यावर हातोडे चालू होते. कुणी ऐकलं, कुणी नाही. ऐकू गेलं नसेल तर बरंच, असं क्षणभर त्याला वाटूनही गेलं.

"त्या दिवशी आवाज मोठा होता तुझा," लॉरीखालून पावायी म्हणाली.

वैयापुरीने दारात जाऊन काठी उंचावली. हातोडे एकामागून एक थांबले.

"कंदप्पन अण्णा खोटं बोलले नव्हते!" नाच्चिमुत्तू म्हणाला. आता आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला आणि मधेच फाटला. "इंजिन त्यांनी नवंच घातलं होतं. फिल्टर मी साफ केला नव्हता, म्हणून धूर येत होता. आणि अक्कांना मी भर मैदानात नको ते बोललो."

कुणीतरी फिदकन हसलं. फिल्टरवर हसलं असणार. नाच्चिमुत्तूच्या कानांच्या पाळ्या तापल्या. यावेळी त्या हसण्याकडे पाठ फिरवायला त्याला जागा नव्हती.

परतताना पावायीने गल्लीच्या तोंडाशीच मोपेड थांबवायला सांगितली. उतरली, पण गेली नाही. बोटाला लागलेलं काळं तेल पदराच्या आतल्या बाजूला पुसत राहिली.

"तुझं एक बरं आहे, तंबी," ती म्हणाली. "तू ओरडून बोललास, ओरडून परत घेतलंस. मोकळा झालास."

"मोकळा कसला, अक्का..."

"ऐक. तीस वर्षं संसार केला मी त्यांच्याबरोबर. तू एक वाक्य बोललास, आणि मी घरी जाऊन फोटो उतरवला. चपलाही काढल्या नव्हत्या. मनातल्या मनातसुद्धा त्यांना विचारलं नाही, की अहो, हे खरं का?" ती थांबली. "तू तर परका. तुला गाडीचं दुखत होतं. मला काय झालं होतं?"

 गल्लीतून एक बाई पाण्याचा हंडा घेऊन आली. पावायी तिच्याकडे पाहून हसली, 'काय गं, नळ आला का' म्हणाली. ती बाई लांब जाईपर्यंत थांबली.

"मी ते खरं मानलं होतं, हे कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली. "बायकोलाही नको."

त्याने मान हलवली.

घरी सरसू दारातच उभी होती. त्याने अंगणातल्या दगडावर बसून साबणाने हात धुतले, नखं घासली, पुन्हा धुतले.

"भेटल्या? काय म्हणाल्या?"

"रागावल्या."

"खूप?"

"खूप."

"रागावणारच," सरसू म्हणाली. टॉवेल पुढे केला. "नवऱ्याला खोटारडा म्हटलं तर कोण ऐकून घेईल? विश्वास असतो माणसाचा."

नाच्चिमुत्तूने टॉवेलात तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिला.

"होता ना," तो टॉवेलाच्या आतूनच म्हणाला. "कणभरही हलला नव्हता."