एल्मा हाकोला गाडीत बसेना

पहिला बर्फ पडला की मी कोणाच्या गाडीत बसायची नाही, असं एल्मा हाकोलाने ऑगस्टमध्येच सांगून ठेवलं होतं, आणि एल्मा बोलली की बोलली. या सोमवारी बर्फ पडला. सोमवारचं डायलिसिस तिने चुकवलं, बुधवारचंही चुकवलं. गुरुवारी सकाळी तिचे पाय इतके सुजले होते, की घरातल्या सपातासुद्धा चढेनात. डायलिसिस केंद्रातल्या डॉक्टरांनी लेम्पीला फोनवर स्पष्टच सांगितलं, की बाई आणखी दोन-चार दिवस अशी बसून राहिली, तर नंतर तिला आणायची तसदी घेऊ नका.

ही लेम्पी म्हणजे आमच्या गावातल्या किडनीवाल्यांची हक्काची ड्रायव्हर. चर्चच्या वतीने आठवड्यातून तीनदा ती तिघा पेशंटांना चाळीस मैलांवरच्या केंद्रात न्यायची आणि परत आणायची, तेही एक डॉलर न घेता. सुपीरिअर सरोवरावरून वारा सुटला की आमच्याकडे सकाळी दार उघडायचं तर आधी खिडकीतून फावडं बाहेर काढावं लागतं. पण अकरा हिवाळ्यांत लेम्पीची एकही फेरी चुकली नव्हती. बाईचा स्वतःच्या हातावर भारी भरवसा. तो तिने कमावलाही होता, उगाच कशाला खोटं बोला.

मग गेल्या मार्चमध्ये एका वळणावर तिची जुनी गाडी गर्रकन फिरली आणि मागच्या मागे बर्फाच्या ढिगात घुसली. कोणाला खरचटलंही नाही, गाडी तेवढी भंगारात गेली. डांबरावर काचेसारखा पातळ बर्फ होता, तो डोळ्यांना दिसतच नाही, तिथे कोणाचीही मात्रा चालली नसती, असं लेम्पीने सगळ्यांना सांगितलं. गावाने माना डोलावल्या. एल्मा तेव्हा पुढच्याच सीटवर होती. ती काही बोलली नाही. उन्हाळाभर लेम्पीच्या लहान गाडीतून मुकाट्याने गेली-आली, आणि ऑगस्टमध्ये तिने तो बॉम्ब टाकला.

आता हिवाळ्यासाठी मोठी गाडी घ्यायची होती. तीन म्हातारी माणसं, दोन वॉकर, फावडं, ब्लँकेटं, वाळूची पोती, एवढं सगळं मावायला हवं. गाड्या विकणारा पेंगेली गुरुवारी सकाळी दोन घेऊन चर्चच्या पटांगणात हजर झाला. आमच्या गावात दुकानात उभं राहून कोणी गाडी घेत नाही. पटांगणातला बर्फ उपसायच्या आधी तिथे गाडी आणायची, मुद्दाम घसरवायची, आणि मग काय ते ठरवायचं. पाद्रीबाई रागावल्यासारखं करतात आणि खिडकीतून डोळे भरून बघतात.

दोन्ही गाड्या हत्तीएवढ्या, फरक होता तो पोटात. एकीत, लेम्पीच्या भंगारात गेलेल्या गाडीसारखाच, जुन्या पद्धतीचा लिव्हर होता. लिव्हर ओढला की पुढची-मागची चाकं एकमेकांना जखडतात आणि चारही मिळून ओढतात. बर्फात हे झकास. पण कोरड्या डांबरावर तसंच ठेवलं तर वळताना चाकं आपापसात भांडतात, गाडी आचके देते, आतले दाते झिजतात. म्हणून कोरडा रस्ता आला की लिव्हर सोडायचा, बर्फ आला की पुन्हा ओढायचा. दुसऱ्या गाडीत बटणं होती. त्यातलं एक दाबून ठेवलं की मागची चाकं घसरताक्षणी गाडी आपणहून पुढच्या चाकांना जोर देते, आणि गरज संपली की काढून घेते. खोल बर्फासाठी चारही चाकं जखडायचं बटण त्यातही होतंच.

लेम्पीचा धाकटा भाऊ वेर्न लिव्हरच्या बाजूने हटून बसला होता. त्याने आयुष्यभर जंगलातून लाकडाचे ट्रक चालवलेले. बटणं शहरातल्या लोकांना, असं त्याचं म्हणणं. लेम्पीने आधी लिव्हरची गाडी घेतली आणि पटांगणात असे काही फेरे मारले, की पेंगेलीने टोपी मागे सारली. मग बटणाची घेतली. तीही चालली, अगदी गुमान. मागचं चाक जरा सुटायला लागलं की स्टिअरिंगला हलकीशी ओढ जाणवायची आणि गाडी सरळ. करण्यासारखं काही उरायचंच नाही.

"बघितलंस?" वेर्न म्हणाला. "सगळं तीच करते. मग तू कशाला हवीस? तुझ्यासारखा हात असल्यावर बटण घेणं म्हणजे ठणठणीत माणसाने काठी टेकत चालणं."

लेम्पी हसली आणि तिने इंजिन बंद केलं. आमचा रस्ता कसा, तर मैलभर कोरडा, मग वाऱ्याने आणून टाकलेला बर्फ, मग पुन्हा कोरडा. एका फेरीत तीस वेळा लिव्हर ओढायचा आणि तीस वेळा सोडायचा. अशा रस्त्याला बटणच बरं, हे तिला कळत होतं. पण बटण घेतलं की वेर्न विचारणार, दोष बर्फाचा होता तर आता बटण कशाला? आणि त्याचं उत्तर जगात फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, अशी तिची समजूत होती.

तिने किल्ली पेंगेलीच्या हातात दिली आणि रस्ता ओलांडून समोर एल्माच्या घरात शिरली.

एल्मा स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी पाय स्टुलावर ठेवून बसली होती. तिने सगळे फेरे बघितले होते. पुढ्यात वेलदोड्याचा पाव होता, पण त्याला हात लावलेला नव्हता. लेम्पीने कोटसुद्धा न काढता सुरुवात केली, नवी गाडी कशी भक्कम, तिची चाकं कशी आपोआप जोर धरतात, मावशीने कसं निर्धास्त बसावं. आता या एल्माने काउंटीचा बर्फ उपसायचा ट्रक बावीस वर्षं चालवलेला. तिने थोडा वेळ ऐकून घेतलं.

"मला चार चाकं शिकवायला आलीस होय?"

लेम्पीने कोट काढला. बाहेर वेर्न लिव्हरची गाडी गोल गोल फिरवत होता. तिने खुर्ची ओढली, बसली, आणि टेबलाकडे बघत म्हणाली, "मार्चमध्ये रस्त्याचा दोष नव्हता, मावशी. कोरड्या पट्ट्यावर मी लिव्हर सोडला आणि पुढे बर्फ आल्यावर ओढायला विसरले. गप्पा मारत होते. बर्फ स्पष्ट दिसत होता."

"ठाऊक आहे."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"अगं, लिव्हर माझ्या गुडघ्याशी होता. मी काय आंधळी आहे?"

"मग बोलला का नाहीत?"

"मी कशाला बोलू? चूक तुझी." एल्माचा आवाज मुळीच चढला नाही. "मी तीनदा ट्रक खड्ड्यात घातलाय. तिन्ही वेळा ट्रकमधल्या रेडिओवरून सगळ्या ड्रायव्हरांना सांगितलं, माझ्यामुळे झालं म्हणून. सगळे हसले, आणि हसल्यामुळेच ती चूक परत झाली नाही. तुला कोणी हसलंच नाही. मग तू सुधारणार कशी? बर्फाला मी घाबरत नाही, लेम्पी. तुझ्या खोटं बोलण्याला घाबरत होते."

लेम्पीला रडू फुटलं. एल्माने तिला रडू दिलं, आणि मग वॉकर पुढे ओढून म्हणाली, माझ्या नवऱ्याचे मोठे बूट आण, ते चढतील.

दोघी पटांगणात आल्या तेव्हा वेर्न आणि पेंगेली नुसते बघत राहिले. एल्माने बटणाच्या गाडीभोवती फेरी मारली, टायरच्या खाचांत अंगठा खुपसला, हिवाळी रबर आहे ना याची खात्री करून घेतली. चारही चाकं ओढायच्या कामाची, थांबवायचं काम रबराचं, असं तिने पेंगेलीला सुनावलं. मग तिने लेम्पीकडे पाहिलं.

"ही घेतेय मी," लेम्पी म्हणाली. तिचा आवाज सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल एवढा होता. "वेर्न, मार्चमध्ये मी लिव्हर ओढायला विसरले होते. काचेसारखा न दिसणारा बर्फबिर्फ काही नव्हता. मी विसरते, म्हणून ही."

वेर्नने तोंड उघडलं, बहिणीकडे बघितलं आणि मग हसायला लागला. पेंगेलीही हसला. पाद्रीबाईंची खिडकी उघडलेलीच होती. लेम्पीचे कान लाल झाले, पण मान ताठ होती. कागदपत्रं उद्या करू, म्हणत पेंगेलीने किल्ली दिली. केंद्रात फोन लावला, तर त्यांनी दुपारी दोनला डायलिसिसची खुर्ची राखून ठेवतो म्हणून सांगितलं. वेर्नने एल्माला दोन्ही हातांनी उचलून पुढच्या सीटवर बसवलं.

गाव मागे पडलं. कोरडा रस्ता, मग बर्फ, मग पुन्हा कोरडा. लेम्पी मधूनमधून सांगत होती, आता पुढची चाकं लागली, आता सुटली. दहाव्या मैलावर तिला उत्तर येईना म्हणून तिने वळून बघितलं. एल्माचं डोकं काचेला टेकलं होतं, तोंड उघडं होतं, आणि ती चक्क घोरत होती.