लिफ्टच्या पाटीवरचा नंबर

मोबाइलचा नवा नंबर घेतला त्या दिवशी पहिला फोन आला तो एका दातांच्या डॉक्टरांचा. "बाई, आम्ही तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकलोय. लवकर माणूस पाठवा."

मी म्हटलं, "अहो, मी पँटींची लांबी कमी करते, चेन बदलून देते. माणूस कुठून पाठवू?"

"थट्टा करू नका! पेशंटला एक्स-रेला वर नेत होतो. दाताचं माप घ्यायला त्याच्या तोंडात मसाला भरलाय आणि तो सुकत चाललाय." मागून खरंच कुणीतरी "ऊं ऊं" करत होतं.

भानगड अशी होती, की हा नंबर आधी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचा होता. त्यांनी तो सोडला, टेलिफोनवाल्यांनी झाडून-पुसून मला दिला. पण शहरातल्या यच्चयावत लिफ्टमध्ये पाटी तीच: 'अडकल्यास या नंबरवर फोन करा.' लोक अडकायचे आणि मला फोन करायचे. दिवसाला सात-आठ तरी. हातात सुई, दातात दोरा, आणि कानाला कुणीतरी घामाघूम झालेला माणूस.

चौथ्या दिवशी मी तणतणत त्या कंपनीत गेले. टेबलामागची मुलगी फार गोड बोलली. "नवा नंबर आम्ही लावलाय की, मॅडम. सगळीकडे, लिफ्टच्या बाहेर."

"बाहेर उभा असलेला माणूस अडकतो कशाला गं?"

"आतली पाटी बदलायची तर लिफ्ट बंद ठेवावी लागते. आणि लिफ्ट बंद पडली की लोक फोन करतात."

"कुणाला?"

"तुम्हाला," ती म्हणाली. वर हसली. मी कपाळावर हात मारला आणि घरी आले.

लेक म्हणाली, "आई, नंबर बदलून टाक ना. दहा मिनिटांचं काम आहे." काम दहा मिनिटांचं होतं, कबूल. पण हा नंबर मी मावसबहिणीकरवी माझ्या धाकट्या भावाला कळवला होता. अकरा वर्षं आम्ही बोललो नव्हतो. आई गेल्यावर तिच्या लाकडी कपाटावरून वाजलं. रागाच्या भरात मी म्हटलं, अर्धं कपाट माझं आहे, अर्धं दे. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि त्या शहाण्याने करवत घेऊन ते उभं कापलं आणि अर्धं माझ्या दारात आणून ठेवलं. तेव्हापासून ते भिंतीला टेकून उभं आहे, सोडलं की पडतं. आता गुडघे कुरकुरायला लागले, तसा रागही थोडा थकला. मी नंबर कळवला. पहिला फोन मात्र त्याने करायचा. मोठ्या बहिणीने किती वाकायचं? कपाट मी कापलं नव्हतं.

म्हणून नंबर बदलायचा नव्हता. आणि फोन वाजला की उचलायचाच होता, कारण कुठला त्याचा असेल काय सांगावं.

मग शिस्त लावली. शिवणाच्या मशीनजवळ वही ठेवली. फोन आला की आधी सांगायचं, "घाबरू नका. खाली बसा. दार ढकलू नका." मग विचारायचं, किती जण आहात, पाणी आहे का, पत्ता काय, कुठला मजला. ते लिहायचं, फोन चालू ठेवून लेकीच्या मोबाइलवरून कंपनीच्या नव्या नंबरला कळवायचं. तिथे आधी बाजा वाजायचा, मग बाई सांगायची, 'तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' तोवर अडकलेल्याला बोलतं ठेवायचं. एक नवरा-बायको अडकले होते, ते चाळीस मिनिटं इतके भांडले की माणूस येऊन दार उघडलं तरी म्हणाले, पाच मिनिटं थांबा. एका वकिलाने मला कलमं ऐकवली, मी त्याला म्हटलं, कलमांनी लिफ्ट हलत असेल तर हलवा. एक आजोबा तर रोज दुपारी फोन करायचे. चौथ्या दिवशी कळलं, ते अडकत नव्हतेच, लिफ्टमध्ये स्टूल घेऊन बसायचे. चांगलंच झाडलं त्यांना. मग पाचव्या दिवशी मीच वाट बघत बसले.

कंपनीला हे आवडलं असावं. आयजीच्या जिवावर बायजी उदार! त्यांनी मला शहरातल्या सगळ्या लिफ्टची यादी पाठवली. मग महिनाअखेर एक पत्र आलं, की या महिन्यात आपण दोनदा फोन चौथ्या रिंगनंतर उचलला, सुधारणा अपेक्षित आहे. मी त्या पत्रावर पँटीचं माप लिहिलं.

दुसरं पत्र आलं तेव्हा मात्र हसू आलं नाही. आतल्या पाट्या बदलण्यापेक्षा जुना नंबरच परत घेणं सोयीचं, असं कंपनीच्या लक्षात आलं होतं. टेलिफोनवाल्यांशी बोलणं झालं होतं. सोमवारी सकाळी दहाला माझा नंबर बंद.

मी त्या गोड मुलीला फोन केला. "अगं, माझा भाऊ फोन करणार आहे या नंबरवर."

"कधी करणार आहेत?"

"मला काय ठाऊक! करेल."

"मग त्यांना नवा नंबर कळवा ना."

एकदा कळवला होता. पुन्हा कळवायचा म्हणजे नाक घासणंच की. मी फोन आपटला. गुरुवार गेला, शुक्रवार गेला, शनिवार गेला. एकवीस फोन आले, एकवीस जण अडकलेले. लेक म्हणाली, "तूच कर मामाला." मी तिला म्हटलं, तू तुझं बघ. पण रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.

रविवारी दुपारी चारला पुन्हा वाजला. मी सवयीने सुरू केलं, "हॅलो, घाबरू नका. खाली बसा. दार ढकलू नका. किती जण आहात?"

पलीकडे कुणीतरी घसा खाकरला. नुसत्या त्या खाकरण्याने माझ्या हातातली सुई पडली. लहानपणी पाढे म्हणायच्या आधी हा असाच खाकरायचा.

"एकटाच आहे," तो म्हणाला.

आता काय बोलू? नाव घेऊन हाक मारली असती, तर त्याने ठेवून दिला असता, की मी रडले असते, देव जाणे. मी वही ओढली.

"पाणी आहे का?"

"आहे. स्वयंपाकघरात."

मी लिहिलं: पाणी स्वयंपाकघरात.

"पत्ता सांगा."

त्याने पत्ता सांगितला. आईचंच घर, मी ज्यात जन्मले ते. त्या घराला वरचा मजला नाही. छपरावर जायचं तर शेजाऱ्यांची शिडी आणावी लागते.

"कुठल्या मजल्यावर अडकलात?"

तो पुन्हा खाकरला. मग बिचारा म्हणाला, "तळमजला आणि पहिला... यांच्या मध्ये."

"बरं. माणूस पाठवते."

"नक्की पाठवा हो. नाहीतर लोक म्हणतात, आणि कुणी येत नाही."

"पाठवते म्हटलं ना एकदा! गप बस तिथे!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"बसतो," तो म्हणाला. "फोन ठेवू?"

"ठेवायचा नाही. नियम आहे."

मी चपला घातल्या आणि निघाले. बसमध्ये फोन कानालाच. दर स्टॉपला मी विचारायची, "आहात का?" आणि तो म्हणायचा, "आहे, अजून अडकलेलोच आहे." शेजारच्या बाईंनी काळजीने विचारलं, कोण अडकलंय हो? मी म्हटलं, भाऊ. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हा शब्द तोंडातून निघाला आणि डोळ्यांना धारच लागली. बाईंनी आपला रुमाल दिला.

दारापाशी पोचले. आत त्याच्या पावलांचा आवाज येत होता, आणि कानात तोच आवाज पुन्हा, जरासा उशिरा. मी फोनमध्ये म्हटलं, "माणूस आलंय."

"मी दार ढकलणार नाही," तो म्हणाला.

मग मीच ढकललं. तो समोर उभा होता, फोन कानाला, केस सगळे पांढरे, सदऱ्याची दोन बटणं तुटलेली. अकरा वर्षं पाठ करून ठेवलेलं एकही वाक्य मला आठवेना.

"किती वाळलास रे!" मी म्हटलं.

फोन अजून कानालाच होता, आणि फोनमध्येच त्याने विचारलं, "ताई, आता ठेवू का?"

"ठेव," मी म्हटलं.