खोलीत राहणाऱ्याच्या समक्ष

मी कुलपांचं काम करते. होय, बाई असून. हे लोक इतक्या वेळा ऐकवतात की आता मीच आधी म्हणून टाकते. वडील कुलूपवाले, मी त्यांची थोरली. धाकट्या भावाला कानस धरता येत नव्हती तेव्हा माझ्या हातच्या किल्ल्या अर्ध्या वस्तीच्या खिशात होत्या. पुढे लग्न होऊन मी चार तासांवरच्या गावी गेले आणि तिथे माझं छोटं दुकान टाकलं. वडिलांचं दुकान आणि वरचं घर भावाकडे राहिलं. त्याबद्दल मी कधी ब्र काढला नाही. वरच्या घराची एक किल्ली वडिलांनी माझ्या जुडग्यात घातली होती. "हे दार तुला कधी वाजवायला लागू नये," म्हणाले होते. मला तेवढं पुष्कळ होतं.

वडिलांचा एक हट्ट होता. कुलूप बदलायचं तर आत राहणाऱ्या माणसासमोरच. घरमालक येऊ दे, त्याचा बाप येऊ दे, आत जो झोपतो तो उभा राहून "उघडा" म्हणाला तरच हत्यारांची पेटी उघडायची. कामाच्या चिठ्ठीवर त्यांनी ती ओळ छापूनच घेतली होती: 'काम खोलीत राहणाऱ्याच्या समक्ष केले.' खाली आमची सही. ती चिठ्ठी आम्ही दोघा भावंडांनी अजून तशीच ठेवली आहे.

या वर्षी माझ्या लेकीला त्या जुन्या वस्तीतल्या दवाखान्यात दहा आठवड्यांचं प्रशिक्षण मिळालं. कामाची पाळी कधी पहाटे सुरू व्हायची, कधी अंधार पडल्यावर सुटायची. म्हणजे खोली जवळच हवी आणि दार धड हवं. मी म्हटलं, त्यात काय, आपलीच वस्ती! गेले आणि बघतच राहिले. वाण्याच्या दुकानात आता प्रवाशांच्या बॅगा ठेवतात. जुन्या लाकडी दारांवर आकड्यांच्या डब्या लटकलेल्या. आकडे दाबायचे, किल्ली घ्यायची, दोन दिवस राहायचं, चालतं व्हायचं. दगडी रस्त्यावरून दिवसभर बॅगांच्या चाकांचा खडखडाट. भावानंही वरच्या दोन खोल्या तशाच भाड्यानं लावल्या होत्या आणि नवराबायको एका खोलीत राहत होते. तिथे लेकीला ठेवायचा प्रश्नच नव्हता.

तीन खोल्या बघितल्या. पहिलीला कडी बाहेरूनही होती. दुसरीची चौकट भेगांत लांबी भरून नीट रंगवली होती, पण मी बोट फिरवलं आणि कळलं, हे दार दोनदा लाथेनं उघडलेलं आहे. तिसरीचा मालक हसत हसत म्हणाला, "काळजी नको, माझ्याकडे सगळ्या खोल्यांना चालणारी एकच किल्ली आहे." मी म्हटलं, "त्याचीच तर काळजी आहे!"

तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, कशाला वणवण करतेस? मागच्या इमारतीतली टायपिंगवाल्या बाईंची खोली रिकामी आहे. बाई गेल्या भाच्याकडे, कायमच्या. मालक माझ्या ओळखीचा आहे. कुलूप तू स्वतः बसव, म्हणजे तुलाही झोप लागेल."

टायपिंगवाल्या बाई मला ठाऊक होत्या. एकट्या राहायच्या, घरी टायपिंग शिकवायच्या, पोरींनी चुकीचं बोट वापरलं तर पट्टीनं टिचकी मारायच्या. मी भावाला विचारलं, "बाईंचं काही पत्र, चिठ्ठी?"

तो इतका दुखावला, इतका दुखावला! "आता तू माझ्याकडे कागद मागणार, ताई?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या पोराला मी कडेवर वागवलंय, हाताला धरून किल्ली घासायला शिकवलंय, आणि आता त्याच्यावर अविश्वास दाखवायचा? मी खोली बघायला निघाले.

खोली लहान पण छान होती. खिडकी अंगणाकडे, भिंती जाड. कपाट बंद होतं. "त्यात मालकाचं सामान आहे," भाऊ म्हणाला. टेबलावर टाइपरायटरच्या पायांचे चार वळ. भिंतीवर कॅलेंडर होतं, आणि त्याचं पुढचं पान वर करून पाहिलं तर एका तारखेभोवती पेन्सिलीनं गोल काढलेला. खोटं कशाला बोलू, तो गोल मी पाहिला. कायमचं गेलेलं माणूस पुढच्या महिन्याच्या तारखेला गोल काढत नाही, हे कळायला शहाणपण लागत नाही. पण लेकीनं तोवर खिडकी उघडली होती आणि ती म्हणत होती, "आई, इथून दवाखान्याचं दार दिसतं." मी पान खाली सोडलं.

दाराची जाडी माहीत नव्हती म्हणून मी दोन कुलपं आणली होती, दोन्ही माझ्या दुकानातली सगळ्यात चांगली. एक बसवलं. जुनं भावानं खिशात टाकलं, "भंगारात घालतो" म्हणून. दुसरं नवं कुलूप त्याच्याच दुकानात राहिलं. मग त्यानं चिठ्ठीपुस्तक पुढे केलं. मी सवयीनं सही ठोकली. आयुष्यभर केलेली सही, हात आपोआप गेला. छापलेली ओळ वाचायला कोण थांबतंय?

सात आठवडे लेक सुखात राहिली. मी खरंच पाय पसरून झोपत होते.

आठव्या आठवड्यात सकाळी तिचा फोन आला. "आई, जिन्यात एक आजी बसल्यात. डोळ्यांना काळा चष्मा आहे. त्यांच्या किल्लीनं दार उघडत नाही, आणि ही खोली त्यांचीच आहे म्हणतात. मी आत बोलावलं तर म्हणाल्या, माझ्याच घरात मी पाहुणी म्हणून येणार नाही."

मी हत्यारांची पेटी खांद्याला अडकवली. मिळेल ती बस पकडली. दुपारी पोचले तरी बाई तिथेच जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसलेल्या. लेकीनं आणून दिलेलं पाणी शेजारी तसंच.

"डोळ्याचं ऑपरेशन होतं," त्या म्हणाल्या. "दोन महिने भाच्याकडे होते. मालकाला सांगून गेले होते." आणि त्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली. "ही तूच केली होतीस ना? तुझे वडील इथे उभे होते, आणि तू इथे, खाली बसून. बारा-तेरा वर्षांची असशील."

किल्लीच्या गोलावर कानशीनं केलेली खुणेची छोटी खाच होती. माझीच. मी तोंड वर करू शकले नाही.

तशीच उठून दुकानात गेले. भाऊ आकड्यांच्या डब्यांना स्क्रू लावत बसला होता. मला बघून त्यानं काही विचारलंही नाही. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं.

"बाई परत येणार होत्या हे तुला माहीत होतं?"

"ताई, आधी बस."

"माहीत होतं का?"

"बाईंच्या भाडेकरारातच आहे, खोलीत सलग दहा आठवडे दुसरं कुणी राहिलं आणि बाईंची हरकत नसली की बाईंचा हक्क संपतो," तो शांतपणे म्हणाला. "मालकाला जागा मोकळी हवी होती. त्याच्या सगळ्या इमारतीचं काम मला मिळतंय. तुझ्या लेकीला चांगली खोली मिळाली. वाईट कुणाचं झालं?"

"बाईंची हरकत नाही असं कोण म्हणालं?"

त्यानं हातातला स्क्रू डबीत बसवला. मग म्हणाला, "तूच. मालकाकडे तुझ्या सहीची चिठ्ठी आहे. 'खोलीत राहणाऱ्याच्या समक्ष.'"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. परक्यानं फसवलं असतं तर दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते. यानं माझ्याच लेकीची गरज पुढे केली, माझाच हात वापरला, वडिलांची ओळ वापरली. केसानं गळा कापला माझा, आणि वर विचारतो, वाईट कुणाचं झालं! मी जे तोंडाला येईल ते बोलले. तो खाली मान घालून स्क्रू फिरवत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "रागाच्या भरात वेडेपणा करू नकोस. तीनच आठवडे राहिलेत. पोरीला कुठे नेशील?"

बाईंचं जुनं कुलूप खणात होतं. भंगारातसुद्धा टाकलं नव्हतं मेल्यानं. ते घेतलं, चिठ्ठीपुस्तक उचललं आणि निघाले.

बाई खुर्ची घेऊन दारात बसल्या. मी विचारलं, "उघडू का?" आणि त्या म्हणाल्या, "उघड." मग माझं नवं कुलूप काढलं, त्यांचं जुनं बसवलं. त्यांनी स्वतःच्या किल्लीनं दोनदा उघडलं, दोनदा लावलं. मी नवी चिठ्ठी फाडली आणि लिहिलं: 'मागच्या वेळी बाई समक्ष नव्हत्या. माझी ती सही खोटी आहे.' खाली माझं नाव, माझ्या दुकानाचा पत्ता. हा कागद चार लोकांत फिरला तर माझ्याकडून कुलूप बसवून घ्यायला कोण येईल, हे मला कळत होतं. बाईंनी कागद डोळ्यांजवळ नेऊन सावकाश वाचला आणि पिशवीत ठेवला.

लेकीनं बॅग भरली होती. मी धीर करून म्हटलं, "बाई, तीनच आठवडे... ती कोपऱ्यात झोपेल."

"मुलीवर माझा राग नाही," बाई म्हणाल्या. "पण मला आता घरात कुणी नको. कुणीही नको." त्यांचा हात किल्लीवरच होता. त्यांच्या जागी मी असते तर जिन्यातूनच हाकललं असतं.

दिवेलागण होत होती. जवळपासच्या खोल्या एका रात्रीला जे मागतात ते ऐकून लेक म्हणाली, "राहू दे, आई." मग मी म्हटलं, चल, माझ्या बापाच्या घरी चल. भाऊ गेला खड्ड्यात, आज त्याच्या डोक्यावर बसून राहू. किल्ली आहे माझ्याकडे.

जिना चढून गेलो. जुडग्यातली ती किल्ली मी इतक्या वर्षांत एकदाही वापरली नव्हती. दाराशी धरली आणि थांबले. कुलूप नवं होतं. मीच आणलेलं, दुकानात राहिलेलं ते दुसरं. दुपारनंतर बसवलं असणार, लाकडाचा भुसा अजून उंबऱ्यावर होता. स्क्रू सगळे सरळ, डोकी एका रेषेत. तसं बसवायला त्याला मीच शिकवलं होतं.

मी दार वाजवलं. आत भावजयीच्या चपला वाजल्या आणि थांबल्या. दाराखालच्या फटीतला उजेड गेला.

"अरे, मी आहे," मी म्हटलं. "पोरगी आहे बरोबर."

दार बंदच राहिलं.

लेक हळूच म्हणाली, "आई, तुझ्याकडे हत्यारं आहेत की."

होती. पेटी खांद्यालाच होती. ते कुलूप माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, दोन मिनिटांचंही काम नव्हतं. मी पेटी खाली ठेवली. दाराला कान लावला. आत माणसं होती, श्वास ऐकू येत होता. त्यांच्यातल्या एकानं "उघड" म्हणावं म्हणून मी किती वेळ उभी राहिले मला माहीत नाही. मग जुडग्यातून ती किल्ली काढली, भुशावर ठेवली आणि पेटी उचलली.

रस्त्यावर आल्यावर लेकीनं बॅग या हातातून त्या हातात घेतली. "आई," ती म्हणाली, "सकाळी सातला ड्यूटी आहे माझी."