तिचा फटकारा राहिला

मी एक जुना कॅनव्हास आहे. मित्रांनो, माझ्यावरचं चित्र पाहून तुम्ही नक्की हसाल. मधल्या बाईचा चेहरा हिरवा आहे, मान हातभर लांब आणि एक डोळा पार कानापाशी सरकलेला. भोवतीच्या मंडळींना तर नाकंच नाहीत. नव्या वळणाची चित्रं तेव्हा अशीच असत. ही बाई म्हणजे माझ्या चित्रकाराची बायको आणि भोवतालची मंडळी म्हणजे त्यांचे कलावंत मित्र. लोक माझं तोंड भरून कौतुक करतात आणि मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मला चौकटीवर ताणून, सरस लावून, वर पांढऱ्या रंगाचा हात दिला तो तिनेच. तीही चित्रकार होती. पण माझ्यासाठी ती कितीतरी महिने एकाच खुर्चीत, एकाच बाजूला मान वळवून बसली आणि तिचं स्वतःचं चित्र अर्धवट राहिलं. 'एवढं झालं की तुझं,' असं चित्रकार म्हणायचा. मनापासून म्हणायचा, हेही खरं.

त्या मंडळींचा एक नियम होता. कुणाचंही चित्र झालं की प्रत्येकाने त्यावर ब्रशचा एकेक फटकारा मारायचा, त्याशिवाय ते पुरं झालं असं मानायचं नाही. सगळे एका वर्गात शिकत असताना हा नियम तिनेच काढला होता. तेव्हा ते तिला नावाने हाक मारत. लग्न झालं आणि ती सगळ्यांची वहिनी झाली.

माझी पाळी आली त्या संध्याकाळी शिल्पकाराने गळ्यापाशी राखाडी फटकारा ओढला. कवीने एक पिवळा ठिपका दिला आणि तो स्वतःवरच खूश झाला. तेवढ्यात ती चहाचा ट्रे घेऊन आली. ट्रे ठेवून, हात पुसून तिने ब्रशसाठी हात पुढे केला.

"वहिनी, तुम्ही तर अख्ख्या चित्रात बसलाय," कवी म्हणाला. "आता फटकारा कशाला?"

सगळे हसले. "अगं, चहा गार होतोय, आधी तो दे," चित्रकार म्हणाला. तीही हसली आणि कप भरू लागली. तिचं आटोपेपर्यंत ब्रश धुऊन झाले होते.

मी त्या वेळी आनंदात होतो. सगळ्यांचे हात माझ्यावरून फिरले होते, एक हात राहिला हे माझ्या ध्यानातही आलं नाही. आज त्याचीच मला लाज वाटते.

पुढे मी गाजलो. प्रदर्शनांत लोक माझ्यासमोर खिळून उभे राहत. चित्रकार तिची ओळख करून द्यायचा, "हीच ती हिरव्या चेहऱ्याची." तिचं अर्धवट चित्र माळ्यावर गेलं. तिचे ब्रश कडक झाले, मग कुणीतरी ते टाकून दिले.

चित्रकार गेला. मित्रही एकेक करून गेले. मी घरातल्या बोळाच्या भिंतीवर ओल धरत राहिलो आणि गळ्यापाशी माझा रंग सुटला. तिच्या मुलीने जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या एका बाईंना घरी बोलावलं. त्यांनी सगळं नीट केलं, फक्त गळ्याजवळची जागा मुलीने मोकळी ठेवायला सांगितली.

"आई, इथे तू फटकारा मार. तुझा राहिलाय ना," ती म्हणाली.

मित्रांनो, माझा जीव नुसता टांगणीला लागला. तिने एकदा मला ब्रश लावला की माझ्या मनावरचं ओझं उतरणार होतं. ती चष्मा सावरत जवळ आली.

"याच्यावर नको गं," ती म्हणाली. "मला एक कोरा कागद दे."

जेवणाच्या टेबलावरची भांडी तिने बाजूला सारली. पहिली रेघ वाकडी आली. मुलीने वाकून विचारलं, "काय काढतेयस?"

"आधी उजेडातून बाजूला हो."

मित्रांनो, जुन्या चित्रांना ओलीपासून जपा, आमच्यावर खुर्च्या टेकवू नका. पण घरात कुणाचं काही अर्धवट राहिलं असेल, तर आमच्याआधी तिकडे बघा. मला तिची माफी मागायची आहे. पण ती कामात आहे. मी एकदा तिचा खोळंबा केला आहे, पुन्हा करणार नाही.