चहाला या

"हे चहाचं आहे?" दारातच थबकून कँडेसनं विचारलं.

टेबलावर हॉटपॉट, माझ्या माहेरचा मटणाचा पदार्थ, वाफाळत होता. खाली मटण आणि कांदा, वर बटाट्याच्या चकत्या कडेपासून मध्यापर्यंत रचलेल्या, आणि त्यांच्या कडा हव्या तशा करपलेल्या. शेजारी व्हिनेगरमध्ये मुरलेला लाल कोबी. इथे अमेरिकेत, टोलेडोत, मटण सहज मिळत नाही. त्यासाठी मी सकाळी दोन बस बदलून हद्दाद नावाच्या लेबनीज खाटकाकडे जाऊन आले होते.

"चहाचंच," मी म्हटलं. "बसा की. उभ्यानं काय बघताय?"

"पण बेरिल, आम्ही जेवून आलो!" सून नवऱ्याकडे वळली. "नील, तुझ्या आईनं चहालाच बोलावलं होतं ना? फोन तूच घेतला होतास."

माझा मुलगा हातातली टोपी फिरवत उभा होता. एवढा मोठा झाला, डोक्यावरचे केस गेले, तरी बायको आणि आई समोरासमोर आल्या की अजून टोपीच फिरवतो.

"चहाच म्हणाली होती," तो पुटपुटला. "मला वाटलं, बिस्किटं वगैरे असतील."

त्यांच्यामागून एक तिसरी बाई आत आली. जांभळा स्वेटर, गोड हसू.

"ही रोंडा, माझी मैत्रीण," कँडेस म्हणाली. "सहज आलीय."

सहज! ही सहज आलेली बाई माझ्याशी बोलताना गुडघ्यात वाकली, माझ्या डोळ्यांत डोळे घातले आणि आवाज चढवून म्हणाली, "कशा आहात, बेरिल?" म्हाताऱ्या माणसांपुढे असं वाकायचा पगार मिळतो. गेले सहा महिने कँडेसच्या तोंडी मेपल कोर्ट नावाच्या वृद्धाश्रमाचा जप चालला होता. त्या मेपल कोर्टमधली ही बाई, हे मला ती सरळ उभी राहायच्या आत कळलं.

"बहिरी नाहीये मी," मी म्हटलं. "बस, माझे बाई."

मी विगनची. इंग्लंडच्या उत्तरेला, गिरण्या आणि कोळशाच्या खाणींच्या गावात जन्मले. आमच्याकडे दुपारचं जेवण म्हणजे डिनर आणि संध्याकाळचं जेवण म्हणजे चहा. वडील खाणीतून आले की आई ओरडायची, "चहा वाढलाय!" आणि आम्ही बटाट्यांवर तुटून पडायचो. बिस्किटं कुठायत, असं कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. नीलसुद्धा लहानपणी याच घरात, याच टेबलावर चहा जेवलेला. तेव्हा तो मला आमच्या पद्धतीनं 'मम' म्हणायचा. शाळेतल्या पोरांनी चिडवलं आणि एका आठवड्यात मी 'मॉम' झाले.

कोणी जेवत नव्हतं. तिघं रिकाम्या ताटल्यांसमोर हात मांडीवर ठेवून बसली होती. कँडेसनं नाकाला रुमाल लावला. तिला मटणाचा वास सोसत नाही. पाणी मायक्रोवेव्हमध्ये तापवून त्यात चहाची पिशवी बुडवणाऱ्या या बाईनं माझ्या स्वयंपाकाला नाक मुरडावं!

"आज दुपारी काय खाल्लंत, बेरिल?" रोंडानं मधाळ आवाजात सुरुवात केली.

"डिनरला टोस्टवर बीन्स."

"डिनरला, म्हणजे काल रात्री?"

"आज. बारा वाजता."

"बारा वाजता डिनर." तिनं कँडेसकडे पाहिलं. "आणि आता हे समोर आहे, ते काय म्हणालात?"

"चहा."

"हा चहा आहे?"

"हो."

"मग कप कुठायत?" लहान मुलाला मांजर कुठंय विचारावं तशी ती म्हणाली.

"कप नंतर येतात!"

"बघितलंस ना?" कँडेस टेबलावर पुढे वाकली. "मी उगाच सांगत नव्हते. आणि तो टॉर्च! नील, सांग तिला टॉर्चचं."

नीलनं सांगितलं नाही, म्हणून तिनंच सांगितलं. बर्फाच्या वादळात लाइट गेले, तेव्हा मी तिला फोन करून म्हटलं होतं, "घाबरू नकोस, मी टॉर्च घेऊन तळघरात चाललेय." या देशात हातातल्या बॅटरीला फ्लॅशलाइट म्हणतात, आणि टॉर्च म्हणजे पेटता टेंभा. सासू टेंभा पेटवून तळघरात उतरली असं समजून या बाईनं अग्निशामक दल बोलावलं. चार धटिंगण कुऱ्हाडी घेऊन आले. मी त्यांना तळघराच्या जिन्यात, हातात बॅटरी आणि लोणच्याची बरणी घेतलेली सापडले.

"बंब हिनं बोलवायचे आणि डोकं माझं तपासायचं," मी रोंडाला म्हटलं.

"माझ्या आईचं असंच सुरू झालं," कँडेस म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला. "आधी शब्द गेले. कंगव्याला चमचा म्हणायची. आम्ही हसायचो. मग एक दिवस गॅस उघडा ठेवून झोपली."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं नव्हतं ते. म्हणूनच मला तिचा जास्त राग आला. तुझी आई गेली त्याचं मला वाईट वाटतं, पण तिची जागा भरायला मी नाही.

"मेपल कोर्ट छान आहे हो," रोंडा म्हणाली. "तुमची स्वतःची खोली. स्वयंपाक करावा लागणार नाही."

"करावा लागतो अशी तक्रार कोणी केली?"

"साडेचारला सगळे एकत्र सपर घेतात."

"साडेचारला? कोंबड्या पाळल्यात का तुम्ही तिथे?"

नील खोकला. मग ताटलीकडे बघत म्हणाला, "मॉम, मला वाटतं कँडेस म्हणते ते बरोबर आहे. घर एवढं मोठं. तू एकटी. पुढच्या आठवड्यात जाऊन बघू, आवडलं तर तिथेच..."

वाक्य त्यानं पुरं केलं नाही. करायची गरज नव्हती. माझा नवरा वॉल्टर गेल्यावर घर मी नीलच्या नावावर करून दिलं होतं, माझ्यामागे पोराला कोर्टाचे खेटे नकोत म्हणून. त्यानं आज हो म्हटलं की उद्या माझ्या भिंतींना दुसऱ्या कोणाचा रंग लागणार होता. या घराच्या मागच्या दारात वॉल्टरनं माझ्यासाठी गूझबेरीचं झुडूप लावलं आहे. इथे कोणी गूझबेरी खात नाही. माझ्यामागे ते पहिल्याच रविवारी उपटलं गेलं असतं.

वॉल्टर बर्टनवूडच्या अमेरिकन हवाई तळावर मेकॅनिक होता. त्याच्याशी लग्न करून मी इथे आले आणि नील शाळेत जायला लागल्यावर शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली. माझं बोलणं ऐकून पोरं ट्रे धरून खिदळायची आणि पुन्हा बोलायला लावायची. वर्षभरात मी जीभ वळवली. डिनरचं लंच झालं, चहाचं सपर झालं, टॉर्चचा फ्लॅशलाइट झाला. वॉल्टरच्या आईनं माझी पाठ थोपटली, "आता कशी माणसासारखी बोलतेस!" पुढे पन्नास वर्षं मी माणसासारखी बोलले. वॉल्टर गेला आणि घरात जिच्यासाठी जीभ वळवावी अशी दोन कानांची वस्तू उरली नाही. केटलशी बोलताना, कुंड्यांशी बोलताना विगनचे शब्द आपोआप यायला लागले. मी येऊ दिले. मला बरं वाटायचं. कधी कधी आपल्याच घशातून आईचा आवाज यायचा.

आता तिघंही माझ्या उत्तराची वाट बघत होती.

मी वाढायचा डाव खाली ठेवला, पाठ सरळ केली आणि शाळेतल्या स्वयंपाकघरात ठेवलेलं हसू तोंडावर चढवलं.

"ओह, रोंडा! तू आलीस, मला किती किती आनंद झाला म्हणून सांगू!" जीभ मागे दुमडून, प्रत्येक र लोळवत, अस्सल टोलेडोचं मी बोलले. "आणि मीच किती वेंधळी! माझ्या माहेरी सपरला चहा म्हणतात, हे सांगायलाच विसरले. आज शनिवार. लंचला मी बीन्स खाल्ल्या. सपरला ही लॅम्ब कॅसरोल केलीय. वादळात मी फ्लॅशलाइट घेऊन बेसमेंटमध्ये गेले होते. आणखी काही विचारायचंय, स्वीटी? विचार, अगदी मोकळेपणानं!"

टोपी नीलच्या हातून खाली पडली. त्यानं हा आवाज लहानपणापासून ऐकलेला होता. वॉल्टर गेल्यापासूनची दोन वर्षं तो आवाज या घरात नव्हता.

रोंडा पहिल्यांदाच ताठ बसली आणि पहिल्यांदाच साध्या आवाजात बोलली. "कँडेस, यांना काहीही झालेलं नाहीये. मी निघते." जाताना माझ्याकडे वळून म्हणाली, "सॉरी हं." बाई वाईट नव्हती.

कँडेसचा चेहरा लालबुंद झाला होता.

"म्हणजे येतं तुम्हाला," ती म्हणाली. "सगळं नीट येतं! इतके महिने मी रात्ररात्र जागतेय, फोन वाजला की छातीत धडधडतंय, आणि तुम्ही मुद्दाम करत होतात?"

मी रोंडाची खुर्ची आत सरकवली.

"आजारी आहात म्हणून मी सगळं गिळत होते, बेरिल. तुमचे टोमणे, तुमचं तोंड वाकडं करणं, सगळं. तुम्ही आजारी नाहीच आहात. तुम्ही नुसत्या दुष्ट आहात."

"थँक यू, हनी," मी त्याच आवाजात म्हटलं. "जपून जा. रस्त्यावर बर्फ आहे."

ती दार आपटून गाडीत जाऊन बसली. नील टोपी उचलून दाराशी रेंगाळला.

"मुद्दाम होतं का गं, मॉम?"

"ते नव्हतं," मी म्हटलं. "आत्ताचं होतं."

त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आत्ताच तर नीट बोललीस," तो म्हणाला. "असंच बोलत जा ना. मग कोण कशाला तुला घरातून हलवतंय? मी कँडेसला समजावतो. पुढच्या शनिवारी येतो आम्ही... सपरला." शेवटच्या शब्दावर थांबून त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी तो घेते की नाही ते बघायला.

"या," मी म्हटलं. "सपरला या."

त्यानं माझ्या गालाला गाल लावला आणि खूश होऊन गेला. घर राहिलं माझं.

हॉटपॉटवर चरबीचा पांढरा थर धरला होता. तो बाजूला सारून मी दोन डाव वाढून घेतलं, वर कोबी घेतला आणि पोटभर जेवले. चांगलं झालं होतं. मग माझी ताटली धुतली. उरलेल्या तीन तशाच उचलून कपाटात ठेवल्या. त्या धुवायची गरज नव्हती.