टरफलांची उशी

"माझ्या पोराला उकिरड्यावर टाकलंस!"

सकाळीच सासू-सुनेची जुंपली, आणि तीही भुईमुगाच्या टरफलांवरून. सून तान्ह्या लेकीला कडेवर घेऊन विहिरीचं निळं पाणी मडक्यात ओतत होती. मडक्याच्या बुडाला भोक, त्यावर चिंधी, चिंधीवर उकळून, वाळवून, कुटलेली टरफलं. वरून निळं पडायचं, खालून नितळ ठिबकायचं. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात, तसे या कचऱ्याचे फिटले होते. निळी झालेली टरफलं मात्र सून उकिरड्यावर फेकायची.

तिचा नवरा ओढ्याकाठच्या कारखान्यात रंगारी होता. निळ्या हौदात पडला तो गेलाच. त्याला बाहेर काढला आणि हौद ओढ्यात सोडून दिला. तेव्हापासून विहीर निळी. पोरगं पाण्यातनं घरी आलंय, असं म्हातारीच्या मनानं घेतलं. ती हट्टानं तेच पाणी प्यायची आणि पोट धरून बसायची.

"आई, रंग आहे हो तो नुसता!"

"असू दे. त्याचे हात तरी कधी पांढरे होते?"

सुनेनं हात टेकले. खरं तर भीती तिलाही वाटायची. मडकं ठिबकायला लागलं, की तो ओल्या पायांनी दारात उभा आहे असं वाटून ती मागं बघायची.

शेवटी तडजोड झाली. निळी झालेली टरफलं सासूची, पण पाणी नितळच प्यायचं. म्हातारीनं ती वाळवून उशीत भरली. सकाळी उठली की तिचा एक गाल निळा असायचा.

"कुरकुरतो गं रात्रभर. लहानपणी असाच कुरकुरायचा."

सून ओल्या पदरानं तिचा गाल पुसायची. तिनंही ऐकलेलं असायचं.

मग एका सकाळी पोहरा वर आला तो लालभडक. सून दोन पावलं मागं सरली. तरी तिनं पाणी ओतलं. खाली नितळ आलं, टरफलं लाल झाली. नेहमीसारखी ती न्यायला म्हातारी आली आणि बघतच राहिली.

"हा आपला नाही," ती म्हणाली.

"नाही, आई. रंग बदलला असेल कारखान्यानं. टाकून देते."

म्हातारीनं घाईघाईनं पदर पसरला.

"उकिरड्यावर नको गं टाकूस. याची आई येईल न्यायला."