उजव्या पायाचं पेडल

"माउसवरचा हात काढा मॅडम, मी आत येऊन राहिलो," फोनवरून शंभू म्हणाला.

सुनीतीबाईंनी हात काढला आणि सरळ मांडीखाली दाबून ठेवला. पडद्यावरचा बाण आपोआप चालायला लागला. कंपनीच्या कॉम्प्युटर विभागातला, हिंजवडीत बसलेला हा मुलगा नारायण पेठेतल्या त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरला होता, आणि त्याला आतून काय काय दिसतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. आता कॉम्प्युटरमधून कुणाला मांडीखालचा हात दिसणार आहे थोडाच, पण भीतीला कुठे अक्कल असते.

"येऊन राहिलात म्हणजे? किती दिवसांचा मुक्काम?" त्यांनी विचारलं. घाबरल्या की त्या तिरक्या बोलायच्या. सवयच ती.

शंभू हसला. "आमच्या वाशीमकडे असंच बोलतात जी. येऊन राहिलो म्हणजे येतोय."

"आमच्याकडे येऊन राहिला म्हणजे आला आणि राहिला. मग त्याचं जेवणखाण बघावं लागतं."

"नाही जी, पाच मिनिटांत जातो," शंभू म्हणाला.

काम होतं पेडलचं. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याचा अहवाल तोंडी बोलून ठेवतात. तो आवाज कानाला लावून टाइप करायचा, ही सुनीतीबाईंची नोकरी. चौदा वर्षं झाली. आधी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायच्या. टाइपरायटर भंगारात गेले तशा चाळिशी उलटल्यावर क्लास लावून हे शिकल्या. टेबलाखाली पेडल असतं. पायानं दाबलं की डॉक्टर बोलतो, पाय सैल सोडला की गप्प होतो. हात कळांवरून हलवावेच लागत नाहीत. "बोलणाऱ्याला पायानं गप्प करायचं, वर त्याचा पगार घ्यायचा," असं त्यांचे यजमान श्रीधरराव येईल त्या पाहुण्याला सांगायचे.

आणि आजपासून कंपनीनं सगळं बदललं होतं. आवाज आता घरी पाठवणार नाहीत. सगळं हिंजवडीच्या कॉम्प्युटरवर, घरचा कॉम्प्युटर म्हणजे नुसती त्यात डोकावायची खिडकी. कीबोर्ड आणि माउस त्या खिडकीतून आपसूक पलीकडे जातात. पण यूएसबीला जोडलेलं बाकी काहीही असलं, तर ते यादीत शोधून, त्याच्यापुढे बरोबरची खूण करून पलीकडे सोपवावं लागतं. नाही तर तिकडच्या कॉम्प्युटरच्या लेखी ते जगातच नाही. सुनीतीबाईंचं पेडल सकाळपासून जगात नव्हतं.

टीम लीड राजनंदिनीचा निरोप आला होता. 'बारापर्यंत पेडल सुरू झालं नाही तर उद्यापासून तुमच्या फाइल्स दुसऱ्यांना द्याव्या लागतील. प्लीज ट्राय हां.' पुढे एक हसरा चेहरा. घड्याळात साडेअकरा झाले होते.

नोकरीची भीती तर होतीच. पण ती वरवरची. खरी भीती मांडीखाली होती.

तीन आठवड्यांपूर्वी टीव्हीसमोर बसल्या असताना त्यांचं सहज लक्ष गेलं, तर उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घोळत होता. वात वळावी तसा. आधी वाटलं, सवयीनं वळतोय. समोर कापूस नव्हता. त्यांनी अंगठा थांबवायला बघितला, तो थांबला नाही. रिमोट उचलला तेव्हा थांबला.

दुसरी एखादी बाई म्हणाली असती, अशक्तपणा असेल. सुनीतीबाईंना तेवढंही सुख नव्हतं. चौदा वर्षांत त्यांनी हे शेकडो वेळा टाइप केलं होतं. कंप एका बाजूनं सुरू होतो. अवयव स्वस्थ असताना येतो, कामाला लावला की जातो. सेकंदाला चार ते सहा वेळा. पुढच्या परिच्छेदात चाल बारीक होते, त्याच्या पुढच्यात शर्टाची बटणं लावायला माणूस लागतो. आजाराचं नाव त्यांना न अडखळता टाइप करता यायचं. मनातल्या मनात उच्चारता मात्र येत नव्हतं.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. श्रीधररावांनाही नाही. नुसता अंगठा आहे, त्यांनी स्वतःला समजावलं, टायपिंगनं दमला असेल. पाय ठीक आहे ना, मग ते नाही. रोज आंघोळ झाली की उजवा पाय पुढे ताणून धरायच्या आणि टक लावून बघायच्या. पाय स्थिर असायचा. तेवढ्या आधारावर दिवस जात होता.

"मॅडम, पायडल यादीत आलं," शंभू म्हणाला. "मी इकडून परवानगी दिली. आता तुम्ही खिडकी बंद करा, परत उघडा, अन् 'लोकल' लिहिलंय तिथं जाऊन खूण करा. ते तुमच्याच हातानं व्हायला पाहिजे."

त्यांनी केलं. माउस धरताच हात निमूट शहाण्यासारखा वागला. खूण झाली. पलीकडच्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात पेडलचं इवलं चित्र उमटलं आणि सुनीतीबाईंना इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

"चालू झालं का तुझं शिलाई मशीन?" आतून श्रीधररावांनी विचारलं.

"होतंय. तुम्ही आमटीकडे बघा," त्या म्हणाल्या.

चप्पल काढून त्यांनी उजवा पाय पेडलवर टेकवला. दाबला नाही, नुसता टेकवला, नेहमीसारखा. कानात डॉक्टर बोलायला लागला आणि तुटायला लागला. एक अक्षर, गप्प. अर्धं अक्षर, गप्प. कुणी त्याचा गळा धरून सोडतंय असं.

"अहो, तुमची लाइन खराब आहे," सुनीतीबाई म्हणाल्या. "आवाज तुटतोय."

"थांबा, पाहून राहिलो." कळा बडवल्याचा आवाज आला. "लाइन तर मस्त आहे मॅडम. पायडलचेच सिग्नल आहेत. दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. तुम्ही भराभर दाबून राहिल्या का?"

"मी कशाला दाबू? नुसता पाय ठेवलाय."

"काढून पाहा बरं."

त्यांनी पाय उचलला.

"बंद झाले," शंभू म्हणाला. "आता ठेवा."

त्यांनी ठेवला. अलगद, सैल.

"येऊन राहिले," शंभू म्हणाला. "सेकंदाला पाच."

सुनीतीबाईंनी टेबलाखाली वाकून बघितलं. पावलाचा चवडा पेडलवर बारीक बारीक आपटत होता. किती वेळ आपटत होता कोण जाणे. त्यांनी पाय ताणला. थांबला. सैल सोडला. पुन्हा सुरू झाला. आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की रोज आंघोळीनंतर आपण पाय ताणून बघत होतो. ताणलेल्या पायात कंप कसा दिसणार? शेकडो वेळा टाइप केलेलं वाक्य, आणि सोयीचा तेवढाच भाग नेमका विसरलो. लाज वाटली. मग भीती इतकी वर आली की कानावरचा हेडफोन काढावा की राहू द्यावी हेही सुचेना. फोडणीचा वास आला, घड्याळाची टकटक ऐकू आली, आणि त्या तशाच वाकून बसल्या.

"मॅडम? आहात ना?"

"आहे."

"अजून येऊनच राहिले जी."

किती दिवसांचा मुक्काम, हे या वेळी त्यांनी विचारलं नाही. त्यांना माहीत होतं.

बाराला दहा कमी होते. शंभू जपून म्हणाला, "तक्रार बंद करायची तर कारण लिहावं लागते. वायर ढिली, असं लिहू का?"

'ऐकू येईल तेच टाइप करायचं, आपल्या मनाचं घालायचं नाही,' हा या कामातला पहिला नियम. सुनीतीबाईंनी चौदा वर्षांत डॉक्टरचा एक स्वल्पविरामही हलवला नव्हता. नव्या मुलींना त्यावरून त्या रडवायच्या.

"लिहा," त्या म्हणाल्या. "वायर ढिली. दोन मिनिटं द्या, मी घट्ट करते."

त्या खाली वाकल्या. पेडलच्या जागी फरशीवर चौकोनी फिकट डाग पडला होता. त्यांनी पेडल सरकवत डाव्या बाजूला नेलं. वायर जेमतेम पुरली. मग डावा पाय त्यावर ठेवला आणि उजवा टेबलाच्या आडव्या दांडीमागे अडकवला.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता शांत आहे जी. दाबून पाहा."

त्यांनी दाबलं. डॉक्टर सलग बोलायला लागला. डाव्या पायाला अंदाज नव्हता, तो उशिरा सुटायचा. दोन शब्द जास्तीचे पुढे पळून जायचे आणि ते हातांना गाठावे लागायचे. क्लासच्या पहिल्या दिवशी असंच झालं होतं.

"झालं ना घट्ट?" शंभूनं विचारलं.

"झालं. तुम्ही या आता," सुनीतीबाई म्हणाल्या. "जेवून घ्या वेळेवर."

बाण जागच्या जागी थांबला. त्यांनी दोन्ही हात कळांवर ठेवले. ते स्थिर होते. आतून श्रीधररावांनी पानं घेतल्याची हाक मारली, तेव्हा त्या पेशंटचं वय टाइप करत होत्या. दांडीमागे उजवी टाच लाकडावर बारीक बारीक वाजत होती.

"तुम्ही बसा, मी आलेच," त्या म्हणाल्या आणि डावा पाय पुन्हा दाबला.